दुसरा गिअर

“तुझा हात काढ गं गिअरवरनं,” आप्पा म्हणाले.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. गिअरच्या दांड्यावर होता तो त्यांचाच डावा हात. धरलेला नव्हता, नुसता ठेवल्यासारखा. गाडीनं हिसका दिला तसा तो घसरला आणि सीटवर आम्हा दोघांच्या मध्ये येऊन पडला.

“आप्पा, माझा नाही. तुमचाच हात आहे तो.”

“माझा हात स्टेअरिंगवर आहे,” ते म्हणाले. आवाज जड येत होता, तोंडात सुपारी धरून बोलावं तसा.

स्टेअरिंगवर फक्त उजवा हात होता. गाडीनं आणखी दोन गचके दिले आणि ती घाटाच्या चढावर बंद पडली. पुढचं डावं चाक कठड्याच्या दगडांना जाऊन टेकलं होतं. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली बघितलं तर दरी, आणि दरीच्या तळाशी आम्ही मागे टाकलेलं कोकण.

आप्पा म्हणजे माझे सासरे, बाबाजी तावडे. लढाईच्या काळात लष्करात ड्रायव्हर होते. तिथून सुटल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी ही बेडफर्ड लॉरी घेतली, त्यांनी चालवली होती तसलीच. वीस-पंचवीस वर्षं ते तिच्यावर बांबू भरून गगनबावड्याचा घाट चढत होते. इंजिन एकदा-दोनदा उतरवलं, बॉडी दोनदा नवी केली, पण गिअरबॉक्स कधी उघडली नव्हती. त्या जुन्या गिअरची एक खोड होती. एकदा क्लच दाबून तो बदलत नसे. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा पुढं ढकलायचा. जरा वेळ चुकली की दात दातांवर आदळून असा आवाज होई की कानात बोटं घालावीत. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी दिली की तो आवाज हमखास यायचा. आप्पांच्या हातात मी तो कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. अमावास्या होती. अमावास्येला ट्रकवाले घाट चढत नाहीत, म्हणून आमचा क्लीनरही आला नव्हता. आप्पांना असलं काही मान्य नव्हतं. वर जाणारी एसटी सकाळीच निघून गेलेली, खाली येणारी संध्याकाळी. आणि ते मला माझ्या भावाकडे, घाटावर कळे गावाजवळच्या माझ्या माहेरी, घेऊन निघाले होते. मागे बांबूंच्या शेंड्यांखाली माझी ट्रंक आणि वळकटी बांधलेली होती.

पायथ्याला चहा घेताना ते म्हणाले होते, “भावापुढं तू काही बोलू नकोस. जे बोलायचं ते मी बोलणार.”

“दादा ऐकेल?”

“माझं ऐकेल. सासऱ्यानं तोंडानं सांगितल्यावर कसा ऐकणार नाही?”

तेवढंच. एरवी आम्ही एकमेकांशी फार बोलत नसू. माझा नवरा, जयवंत, मुंबईला होता. तीन वर्षांत घरी फिरकला नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरा आणि सून, त्यामुळे डोक्यावरचा पदर आणि दोन वाक्यांमधलं अंतर दोघंही सांभाळून होतो.

गाडी बंद पडल्यावर मी आधी हँडब्रेक ओढला. तो ओढताना त्यांना रोज दारात बघितलं होतं. मग खाली उतरून मागच्या चाकाला मोठा दगड लावला. वर येऊन बघते तर आप्पा उजवीकडच्या खिडकीतून बाहेर वाकून बघत होते.

“शालन! अगं शालन, कुठं गेलीस?”

“मी इथं आहे, आप्पा.”

ते आणखी उजवीकडे वळले. डोंगराच्या भिंतीकडे बघून म्हणाले, “वर ये आधी. गाडी निघायचीय.”

मी त्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर बसले होते. मी त्यांचा खांदा हलवला, तरी मान वळेना. तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली होती आणि त्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. पदरानं ती पुसताना मला पहिल्यांदा कळलं की हे काहीतरी फार वाईट आहे. आमच्या शेजारच्या म्हातारीला असंच झालं होतं. आठवड्याच्या आत ती गेली.

मी खाली उतरून वळणापर्यंत पळत गेले, हाका मारल्या. दरीतून माझाच आवाज परत आला. वरच्या कड्यावर कुणाच्यातरी म्हशी चरत होत्या, पण माणूस दिसला नाही. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. एकही गाडी आली नाही. परत आले तेव्हा आप्पा गाडी चालू करून बसले होते. दांडा हिसक्यानं मधे आलेला; ते रेस देत होते, आणि गाडी जागची हलत नव्हती.

“दुसरा पडलाय,” ते म्हणाले. “दुसऱ्यावर उचलत नाही आज. पहिला टाकतो.”

त्यांचा डावा हात सीटवर तसाच पालथा पडलेला. ते समोर बघत होते, आणि खांदा किंचित हलवल्यासारखं करून समाधानानं म्हणाले, “हां. टाकला पहिला.”

“आप्पा, तुमचा हात हलत नाहीये. पायही हलत नाहीये. तुम्हाला अर्धांग झालंय.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“वेडी का खुळी तू? मी गाडी चालवतोय.”

मी रडायला लागले. रडू आवरेना. त्यांच्या पाया पडले, म्हटलं, बसून राहू, संध्याकाळी एसटी येईल. तर ते चिडले आणि त्यांनी उजव्या पायानं आणखी रेस दिली. इंजिन नुसतं ओरडत राहिलं. बावड्याला, घाट संपला की, दवाखाना होता. संध्याकाळपर्यंत हा माणूस इथं या सीटवर माझ्यादेखत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

मग एक गोष्ट सुचली. ती कशी सुचली ते मला आजही सांगता यायचं नाही.

“आप्पा,” मी डोळे पुसून म्हटलं, “मला या घाटाची फार भीती वाटते. तुम्ही काय करताय ते तोंडानं बोलत बोलत चालवा. क्लच दाबला की क्लच म्हणा, गिअर टाकला की गिअर म्हणा. ऐकत बसले की मला धीर येईल.”

ते हसले. अर्धंच तोंड हसलं. “बाईमाणूस,” म्हणाले. “बरं, ऐक.”

मी त्यांच्या अंगाला अंग लावून सरकले. सासऱ्याच्या इतकं जवळ मी आयुष्यात बसले नव्हते. त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. ओल्या लाकडासारखा जड होता. तो सीटवरचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. माझा उजवा पाय क्लचवर गेला, उजवा हात दांड्यावर, आणि डाव्या हातानं मी स्टेअरिंगची खालची कड धरली.

“क्लच,” आप्पा म्हणाले.

मी दाबला. सगळं अंग टाकावं तेव्हा तो खाली जाई.

“पहिला. माझ्याकडं आणि पुढं.”

मी दांडा त्यांच्याकडे ओढून पुढं ढकलला. दातांचा खरखराट झाला, पायाखालचा पत्रा थरथरला आणि दांडा आत बसला.

“आता हळू सोडायचा, आणि हँडब्रेक.”

मी घाईनं सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. आप्पा म्हणाले, “क्लच चुकला माझा,” आणि पुन्हा चालू केली. तिसऱ्या खेपेला गाडी हलली. कठड्याचा एक दगड आमच्या चाकानं दरीत गेला. तो खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच उशिरानं आला.

असे आम्ही चढायला लागलो. रेस, ब्रेक आणि उजव्या हाताचं सुकाणू त्यांचं. बाकी सगळं मी. उजवीकडचं वळण आलं की ते गाडी झकास वळवत. डावीकडचं वळण मात्र त्यांच्या लेखी नव्हतंच. रस्ता डावीकडे वळला तरी ते सरळ भिंतीकडे निघत, आणि मी डाव्या हातानं, मग छाती लावून, स्टेअरिंग खेचत राही. ते म्हणत, “आज स्टेअरिंग ओढतंय.” मी म्हणे, “हो, आप्पा.”

पहिल्या गिअरवर इंजिन तापलं. रेडिएटरमधून वाफ यायला लागली. जिथं चढ कमी होता तिथं ते म्हणाले, “आता दुसरा टाकायला हवा, नाहीतर पाणी संपेल. क्लच. मधे. सोडला. रेस. क्लच. दुसरा.”

ते इतक्या भरभर बोलले की मी अर्ध्यावरच होते. दांडा जाईना. मी ढकलला तर असा आवाज झाला की आता सगळं तुटून रस्त्यावर पडणार असं वाटलं. गाडी मागं सरकायला लागली. त्यांनी ब्रेक मारला. बांबूंचं ओझं करकरलं.

“काय करतोयस रे बाबाजी,” ते स्वतःलाच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. “वीस वर्षांत असा आवाज केला नव्हता मी.”

गाडी पुन्हा पहिल्यावर चढायला लागली तेव्हा मी म्हटलं, “हळू बोला आप्पा. मला ऐकू येत नाही.”

“क्लच,” ते म्हणाले, लहान पोराला शिकवावं तसं. “मधे. सोडला. आता रेस ऐक. ती खाली उतरू दे. अजून. हां. क्लच. दुसरा.”

गेला. आवाज न होता गेला. मी मोठ्यानं “गेला” म्हणून ओरडले, आणि ते म्हणाले, “जाणारच. कुणी टाकला?”

“तुम्ही, आप्पा.”

पुढं कितीदा चुकलं ते विचारू नका. प्रत्येक चढाला पुन्हा पहिला, प्रत्येक सपाटीला पुन्हा दुसरा. दात कितीदा एकमेकांवर आदळले. माझ्या तळहाताची सालटं निघाली होती. मी मनात आमच्या जोतिबाला म्हणत होते, एवढा घाट संपेपर्यंत हे तुटू देऊ नको, मग काय तुटायचं ते तुटू दे. मध्येच आप्पांनी बोलणं बंद केलं की मी ओरडे, “आप्पा, पुढं काय?” आणि ते दचकून म्हणत, “क्लच.” एकदा ते म्हणाले, “शालन झोपली वाटतं. झोपू दे.” तेव्हा माझं डोकं त्यांच्या खांद्याला टेकलेलं होतं.

बावड्याच्या चौकात माणसं दिसली तेव्हा मी नुसता हात बाहेर काढून ओरडत राहिले. चहावाल्यानं, आणखी दोघांनी धावत येऊन आप्पांना उतरवलं. दवाखान्यात सुई दिली आणि तिथल्या डॉक्टरांनी एका सरकारी जीपमधून आम्हाला कोल्हापूरला पाठवलं. जीपमध्ये आप्पा सारखं म्हणत होते, “माझी गाडी कुणाला हात लावू देऊ नका. गिअर अवघड आहे तिचा.”

ते जगले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. माझा थोरला भाऊ, शामराव. निरोप पोचल्या पोचल्या निघाला होता. माझे हात बघून तो म्हणाला, “शाबास तुझी.” आप्पांच्या खाटेच्या उजवीकडे स्टूल होतं, त्यावर तो बसला. डावीकडे मी उभी.

मला दादाला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती माझ्या तोंडून सांगून उपयोग नव्हता. वर्षभरापूर्वी मी एकदा माहेरी जाऊन सांगितलं होतं की जयवंतनं मुंबईला दुसरं बिऱ्हाड केलंय, मला परत जायचं नाही. दादानं पंधरा दिवसांत मला परत आणून सोडलं होतं. “सासरा तुला नांदवतोय ना? मग नवऱ्याचं काय घेऊन बसलीस? येईल तो,” असं म्हणून. त्यानंतर आप्पा एका रविवारी मुंबईला गेले, मुलाचं घर, ती बाई, तिचं रांगतं पोर सगळं बघून आले. दोन दिवस जेवले नाहीत. मग पडवीत बसून मला म्हणाले, “मी येतो तुझ्या भावाकडं. सांगतो, खोट माझ्या पोरात आहे, हिच्यात नाही. काडीमोड करून देतो. चांगलं स्थळ बघा, लग्नाला मी उभा राहीन. तुझं वय काय गं? तू इथं माझ्या भाकरी थापत का म्हातारी व्हायचीस?”

त्यासाठी आम्ही अमावास्येला निघालो होतो. आप्पा म्हणाले होते, चांगल्या कामाला कसली अमावास्या.

“दादा,” मी म्हटलं, “आप्पा तुझ्याकडंच येत होते. त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं. विचार त्यांना.”

दादा वाकला. “आप्पा, शालन म्हणते, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं.”

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. चेहरा शांत होता.

“शालनला सोडली मी,” ते म्हणाले. “काल सोडली माहेरी.”

“ती इथंच आहे, आप्पा. ही काय.”

“नाही. सोडली. तिच्या भावाशी बोललो सगळं. चहा दिला त्यानं. म्हणाला, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मोकळी केली पोरीला.” मग जरा थांबून, “पोरगी रडली निघताना. पण बरं झालं. माझ्या मनावरचं ओझं गेलं.”

मी खाटेवरून वाकून त्यांच्या तोंडासमोर गेले. “आप्पा, अजून बोलला नाहीत तुम्ही. हा दादा बसलाय. आत्ता बोला.”

त्यांनी डोळे मिटले. “झालं ते,” म्हणाले. “सारखं सारखं काय बोलायचं?”

दादा उठला. व्हरांड्यात आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पडवीतलं बोलणं, ट्रंक, वळकटी. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

“त्यांनी आत्ता सांगितलं ना तुला,” मी म्हटलं. “मोकळी केली म्हणाले. तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

“मग?”

“भ्रमातलं बोलणं कोण धरतंय, शालन? उद्या पंचांत विचारलं तर काय सांगू? सासरा अंथरुणात पडला आणि आम्ही बहिणीला उचलून नेली? लोक तोंडात शेण घालतील.” मग त्यानं माझा सोललेला हात हातात घेतला. “आणि तू तरी जाशील का त्यांना असं टाकून?”

आत आप्पांना तहान लागली होती, ते हाका मारत होते. दादा म्हणाला, “जा, बघ त्यांना,” आणि एसटी गाठायला निघून गेला.

आठवड्यानं एका मेस्त्रीनं गाडी बावड्याहून कोल्हापूरला आणली, आणि घाटातला प्रकार ऐकून गिअरबॉक्स उघडून बघितली. गॅरेजमधली माणसं भोवती जमली होती. मेस्त्री मला म्हणाला, “वहिनी, दुसऱ्याच्या दोन दातांचे कोपरे उडालेत फक्त. एवढ्या आदळआपटीत दुसरी कुठली असती तर भुगा झाला असता. ही अजून पंधरा वर्षं मरत नाही.” त्यानं तेल बदललं आणि झाकण लावून टाकलं.

त्याचं खरं झालं. पगारी ड्रायव्हर ठेवून ती गाडी चालू राहिली, आणि तिच्यावर आमचं घर चाललं. घर चालतंय म्हटल्यावर मुंबईहून कुणाला चौकशी करायची गरज उरली नाही. मी जोतिबाला मागितलं होतं, त्यानं दिलं.

आप्पांना आपला हात मेलाय हे कळायला दिवाळी उजाडली. मी त्यांना भरवत होते, नेहमीप्रमाणे डावीकडून. त्यांनी पहिल्यांदाच मान पूर्ण वळवली. माझ्याकडे बघितलं.

“तू अजून इथंच?” ते म्हणाले.

“हो, आप्पा.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता बोलतील. मी घास हातात धरून थांबले. पण त्यांना उठून बसायलाही मी लागत होते, आणि ते त्यांनाही आता समजत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मी घास भरवला. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

पुष्कळ वर्षांनी ते गेले. जयवंत आला, त्यानं अग्नी दिला, तेराव्याला मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून पंगतीत वाढलं. दादा तोवर थकला होता, त्याच्याऐवजी त्याचा मुलगा रणजित आला होता. जाताना माझ्या पाया पडला. चांगला पोरगा आहे. म्हणाला, “आत्या, आता तुला इथं कोण आहे? चल की घरी. चार दिवस राहा, जरा बरं वाटेल.”

मी गेले. चार दिवस राहिले आणि परत आले.